वही कोणाची?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मडगाव, म्हापसा किंवा फोंडा येथील बाजारपेठेतून फेरफटका मारणाऱ्यास आजही एक ओळखीचे दृश्य दिसते. पेढीवर पाट मांडलेला असतो, पाटावर कोरी वही, तिच्या पहिल्या पानावर कुंकवाने काढलेले स्वस्तिक आणि 'श्री', शेजारी लाह्या-बत्तासे. अलीकडे त्या वहीच्या जोडीला संगणकही हळदकुंकू लावून घेतो. वही बहुधा वर्षभर कोरीच राहते. धंद्याची रोजकीर्द, खतावणी, मालाची नोंद, गिऱ्हाइकांचे पत्ते आणि उधारी हे सर्व आता संगणकात असते. आणि थोडी चौकशी केली तर असे आढळते की पेढीवरच्या त्या संगणकातही ते नसते. ते मुंबईत किंवा सिंगापुरात, कोणाच्या तरी सर्व्हरवर, कोणाच्या तरी नावाने उघडलेल्या खात्यात असते. पूजा होते ती रिकाम्या वहीची. भरलेली वही कोणाच्या घरी आहे, हे पूजा करणारास पुष्कळदा ठाऊक नसते. तिच्याविषयी आज आम्हांस लिहावयाचे आहे.

सन २०१६ मध्ये मोबाइलवरून पैसे देण्याची यूपीआय पद्धत आली आणि २०२० च्या टाळेबंदीने उरलेसुरले व्यापारीही इंटरनेटच्या बाजारात ढकलले गेले. तेव्हापासून संकेतस्थळ, मोबाइलवरील अॅप, घरबसल्या मागणी नोंदविण्याची सोय, साठ्याचा हिशेब ठेवणारी प्रणाली यांपैकी काहीतरी 'करून घेतले' नाही असा उद्योजक गोव्यात विरळाच. ही कामे करून देणाऱ्या लहान-मोठ्या संस्था पणजी-पर्वरीपासून काणकोणपर्यंत उभ्या राहिल्या. फर्मागुडीचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९६७ पासून, बिट्सचे गोवा संकुल २००४ पासून आणि एनआयटी २०१० पासून येथे आहे. तेथून बाहेर पडणारी सगळीच मुले पुण्या-बंगळुरास न जाता काही येथेच दोन खोल्या घेऊन काम करू लागली, याचे आम्हांस मनापासून कौतुक वाटते. परंतु या व्यवहाराला अद्याप रीत लागलेली नाही. घर बांधताना आपण चतुःसीमा लिहून घेतो, खत नोंदवितो, साक्षीदार उभे करतो. धंद्याचे सर्वस्व ज्यात साठवायचे ती प्रणाली मात्र व्हॉट्सअॅपवरच्या चार संदेशांच्या भरवशावर करून घेतो.

फोंडा तालुक्यातील एका व्यापारी गृहस्थांनी आम्हांस सांगितलेली हकिगत याच भरवशाची आहे. काजूगर, कोकमाचे आगळ, सोले आणि घरगुती मसाले ते विकतात. मुंबई-पुण्यास गेलेला गोमंतकीय हा त्यांचा मुख्य गिऱ्हाईक. २०१९ साली त्यांनी एका ओळखीच्या संस्थेकडून संकेतस्थळ करून घेतले, ठरलेली रक्कम एकही रुपया न तोडता दिली, आणि काम उत्तम झाले हेही ते मोकळ्या मनाने सांगतात. टाळेबंदीच्या काळात याच संकेतस्थळाने त्यांचे घर चालविले. पुढे २०२३ मध्ये ती संस्था बंद पडली आणि तिचा चालक नोकरीनिमित्त आखातात गेला. काही महिने सर्व सुरळीत चालले. मग एके सकाळी संकेतस्थळ उघडेना.

झाले होते ते असे. संकेतस्थळाचे नाव, ज्यास डोमेन म्हणतात, ते कायमचे विकत मिळत नाही. ठरावीक मुदतीसाठी नोंदविले जाते आणि मुदत संपताच शुल्क भरून वाढवावे लागते. ते नाव संस्थेच्या चालकाने स्वतःच्या नावे व स्वतःच्या ई-मेलवर नोंदविले होते. मुदत संपत आल्याच्या सूचना त्या ई-मेलवर येत राहिल्या. तो पत्ता कोणी वाचत नव्हते. सवलतीचे दिवस उलटले, नाव मोकळे झाले आणि मोकळ्या नावांवर टपून बसलेल्या कोणा परक्याने ते उचलले. पुढे त्या पत्त्यावर जुगाराच्या खेळांच्या जाहिराती झळकू लागल्या. दादरहून एका वृद्ध गिऱ्हाइकाचा दूरध्वनी आला, "शेट, तुम्ही हा धंदा कधीपासून सुरू केलात?" हे सांगताना त्या गृहस्थांचा आवाज चोरटा झाला होता. गिऱ्हाइकांची यादी सर्व्हरवर होती. त्या सर्व्हरचे भाडेही संस्थेच्याच खात्यातून जात असे, ते थांबले तशी यादीही गेली. सुदैवाने कुरिअरच्या पावत्या बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवलेल्या होत्या. एक अख्खा पावसाळा त्यांची पत्नी आणि मुलगी त्या पावत्यांवरून पत्ते उतरवून घेत बसल्या.

या प्रकरणात कोणी लबाडी केली नाही, आणि म्हणूनच ते आम्हांस अधिक चिंतेचे वाटते. चालकाने नाव स्वतःच्या नावे घेतले ते सोयीसाठी. व्यापाऱ्याला ई-मेल उघडून नोंदणी करण्याचा कंटाळा होता. दोघेही सज्जन आणि दोघांत विश्वास होता. कागद तेवढा नव्हता.

ज्याला आपण सरसकट 'वेबसाइट' म्हणतो ती एक वस्तू नसून अनेक वस्तूंची मोट आहे. नाव एक, ते जेथे नांदते ती भाड्याची जागा दुसरी, प्रणालीचा मूळ मजकूर म्हणजे सोर्स कोड तिसरी आणि त्यात साठलेली माहिती, म्हणजे डेटाबेस, चौथी. मोबाइलचे अॅप असेल तर गुगल किंवा अॅपलच्या दुकानातील खाते ही पाचवी. हे अॅप करून देणाऱ्याच्या खात्यावरून प्रसिद्ध झाले असेल तर ते ज्या हजारो मोबाइलांवर उतरले आहे त्यांच्याशी असलेले नाते त्याच खात्याशी बांधलेले राहते; ते आपल्या खात्यावर आणावयाचे तर पहिल्या खातेदाराची संमती व सहकार्य लागते. स्वतःचे खाते उघडण्यास गुगलकडे एकदाच पंचवीस डॉलर आणि अॅपलकडे दरसाल नव्व्याण्णव डॉलर पडतात. एवढी रक्कम वाचविण्यासाठी आपला दरवाजा दुसऱ्याच्या घरात बसविण्यात कोणते शहाणपण आहे, हे आम्हांस उमगत नाही.

पैसे मोजले म्हणजे वस्तू आपली झाली, हा व्यापाऱ्याचा सहजसमज. काजूच्या पोत्याबाबत तो खरा आहे, प्रणालीबाबत नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीने संगणकप्रणालीचा समावेश साहित्यकृतीत करण्यात आला. (कथा-कादंबऱ्यांच्या पंक्तीला येऊन बसलेल्या या नव्या पाहुणीचे आम्हां लेखणीच्या माणसांस थोडे नवल वाटते, पण कायदा तसा आहे खरा.) पगारी नोकराने नोकरीच्या ओघात लिहिलेल्या प्रणालीचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, त्याचा धनी असतो. बाहेरच्या संस्थेला मोबदला देऊन करवून घेतलेल्या प्रणालीची मालकी मात्र ती लिहिणाऱ्याकडेच राहते. ती आपल्याकडे यावी असे वाटत असेल तर स्वाक्षरीनिशी लेखी हस्तांतर हवे. त्या लेखात मुदत नमूद केली नसेल तर कायदा ती पाच वर्षांची धरतो आणि क्षेत्र नमूद नसेल तर फक्त भारत. लाखो रुपये खर्चून प्रणाली करवून घेणारे आमच्या परिचयातले कितीतरी उद्योजक ही गोष्ट ऐकून चपापले.

प्रत्येकाने सर्व हक्क आपल्या नावे करून मागावेत असे मात्र आम्ही म्हणणार नाही. करून देणाऱ्याकडे काही तयार तुकडे असतात, ते तो दहा गिऱ्हाइकांसाठी वापरतो. त्यावरचा हक्क सोडण्यास त्यास सांगणे म्हणजे सुताराकडे टेबलाबरोबर त्याची पटाशीही मागणे होय. शिवाय बरीच संकेतस्थळे २००३ पासून सर्वांस मोफत उपलब्ध असलेल्या वर्डप्रेससारख्या खुल्या प्रणालीवर उभी असतात. त्यांत गैर काही नाही, मात्र गिऱ्हाइकास ते स्पष्ट सांगितले पाहिजे. लहान व्यापाऱ्याला पुरेसे आहे ते एवढेच: कायम वापरण्याचा आणि दुसऱ्याकडून दुरुस्त करवून घेण्याचा लेखी परवाना, मूळ मजकुराची प्रत, आणि माहितीवर निर्विवाद ताबा.

यांपैकी अखेरच्या गोष्टीत तडजोड नको. प्रणाली पुन्हा लिहिता येते. वीस वर्षांचे गिऱ्हाईक पुन्हा लिहिता येत नाही. आणि माहिती 'मिळाली' म्हणजे कोणत्या रूपात मिळाली, हेही पाहिले पाहिजे. गोव्यातील गावकऱ्यांचे जुने दप्तर गोंयकानडी लिपीत लिहिले जाई. ती लिपी वाचणारे आज बोटांवर मोजण्याइतके आहेत. दप्तर असूनही ते मुके झाले. कित्येक घराण्यांच्या पेट्यांतील मोडी वह्यांची तीच अवस्था आहे. आमच्या वृत्तपत्रव्यवसायाने तर हा प्रमाद संगणकयुगात पुन्हा केला. देवनागरीचा समावेश युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत झाला असतानाही मराठी वृत्तपत्रसृष्टी नंतर एक तपाहून अधिक काळ निरनिराळ्या कंपन्यांचे निरनिराळे टंक वापरीत राहिली. प्रत्येक टंकात 'क' चे स्थान वेगळे. त्या काळी जुळविलेला मजकूर तो विशिष्ट टंक नसलेल्या संगणकावर उघडला तर अक्षरांऐवजी रोमन लिपीचा कचरा दिसतो. आमच्याही संग्रहात अशा कितीतरी फायली पडून आहेत. शब्द आमचे, पण किल्ली दुसऱ्याची. म्हणून व्यापाऱ्याने दर महिन्याला आपल्या माहितीची प्रत अशा साध्या रूपात मागून घ्यावी की जी कोणत्याही संगणकावर, करून देणाऱ्याच्या मदतीवाचून, उघडेल. एकदा ती खरोखर उघडूनही पाहावी. न उघडून पाहिलेली बॅकअप प्रत ही न मोजता घेतलेल्या नोटांसारखी असते.

येथे स्थानिक माणसाकडूनच काम करून घेण्याचा एक मोठा लाभ सांगितला पाहिजे, कारण तो फारसा कोणाच्या ध्यानात येत नाही. गोमंतकीयांची नावे पोर्तुगीज दप्तरात एका पद्धतीने लिहिली गेली आणि मुक्तीनंतर दुसऱ्या. एकाच घराण्यातील आजोबा जन्मनोंदीत 'नाइक' हे पोर्तुगीज धर्तीच्या वर्णांनी लिहीत, नातू इंग्रजी धर्तीने लिहितो. शेणवीचे 'सिनाय', कामतांचे 'कामोतिम', प्रभूंचे 'पोरोबो' झाले होते. नाव-आडनाव बदलासाठी गोव्याला १९९० साली स्वतंत्र कायदा करावा लागला, तो उगाच नव्हे. आता ज्या पतसंस्थेची किंवा सराफाची प्रणाली दूरच्या शहरात बसलेल्या, हा इतिहास न जाणणाऱ्या माणसाने लिहिली आहे, ती एकाच सभासदाचे दोन सभासद करते, किंवा दोन चुलतभावांचा एक. पत्त्यांचेही तसेच. आमच्याकडे घर ओळखले जाते ते वाड्यावरून, देवळावरून, वडाच्या पारावरून; फॉर्ममध्ये रस्त्याचे नाव सक्तीचे केले की गिऱ्हाईक तेथे 'नाही' असे लिहून मोकळा होतो आणि पार्सल तीन दिवस फिरत राहते. खेरीज जून ते सप्टेंबर वीज आणि नेटवर्क यांचा लपंडाव चाललेला असतो. जोडणी तुटताच गोठणारे अॅप सांगे-सत्तरीच्या दुकानदाराच्या काय कामाचे? हे सर्व ज्याला सांगावे लागत नाही असा प्रणालीकार आपल्याच गावात असताना बाहेरच्या झगमगाटाला भुलणे बरे नव्हे. पडद्यावरचा मजकूर मराठीत वा कोंकणीत असावा, एवढे मात्र त्यालाही सांगावे लागते, याचा खेद होतो.

माहिती ही मालमत्ता तशी जबाबदारीही आहे. संसदेने ऑगस्ट २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला आणि त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. प्रमुख तरतुदी लागू होण्यास त्यानंतर दीड वर्षाची मुदत आहे. त्यातले एक तत्त्व प्रत्येक व्यापाऱ्याने पाठ करावे. ज्याच्या धंद्यासाठी माहिती गोळा झाली तो तिला जबाबदार. माहिती हाताळणारा दुसरा कोणी असला आणि त्याच्याशी कसलाही करार असला तरी ही जबाबदारी टळत नाही. सुरक्षेची वाजवी व्यवस्था न ठेवल्यास दंडाची कमाल मर्यादा अडीचशे कोटी रुपये आहे. नाक्यावरच्या दुकानदारावर कोणी अडीचशे कोटींचा बडगा उगारील असे नव्हे, पण "ते आमचा मुलगा पाहतो" हे उत्तर यापुढे चालणार नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव जाहीर करणे, तक्रारीची पोच अठ्ठेचाळीस तासांत देणे व तिचा निकाल महिन्याच्या आत लावणे बंधनकारक केले आहे. आपली किती संकेतस्थळे हे पाळतात? काहींनी तर 'नियम व अटी' हे पान परदेशी संकेतस्थळावरून जसेच्या तसे उचललेले असते. म्हापशाच्या चणे-खाज्याच्या वादात अमेरिकेतील एखाद्या राज्याच्या न्यायालयाचा अधिकार मान्य केल्याचे त्यात वाचून हसावे की रडावे हे कळत नाही.

आता दुसरी बाजू. करून देणाऱ्या तरुणांशी बोलताना आम्हांस जे ऐकावयास मिळाले तेही व्यापाऱ्यांनी ऐकून घ्यावे. काम सांगताना "साधेच करा" म्हणावयाचे आणि झाल्यावर "यात हेही हवे होते" असे रोज एक शेपूट जोडावयाचे. भाव ठरविताना "माझा भाचा हे फुकट करून देतो" असे सुनवावयाचे. आणि शेवटचा हप्ता चतुर्थीनंतर, मग दिवाळीनंतर, मग शिगम्यानंतर! संकेतस्थळ एकदा केले की संपले, ही समजूतही तितकीच खोटी. त्याला गळणाऱ्या कौलांसारखी दरसाल डागडुजी लागते, आणि डागडुजीचा मोबदला ठरविला नाही तर करून देणारा एक दिवस दूरध्वनी घेणे बंद करतो. २००६ च्या सूक्ष्म व लघु उद्योगविषयक कायद्यानुसार नोंदणीकृत लहान पुरवठादाराचे देणे लेखी करार असल्यास कमाल पंचेचाळीस दिवसांत आणि नसल्यास पंधरा दिवसांत चुकते करावे लागते. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. फोंड्याच्या गृहस्थांची यादी बुडविणारी संस्था अशाच थकलेल्या बिलांनी बुडाली नसेल, हे कोणी सांगावे?

आणि जे स्वतःची वही करण्याच्या भानगडीतच पडत नाहीत, त्यांचे काय? किनारपट्टीवरील लहान हॉटेले आणि घरगुती निवासांचे चालक आज मोठ्या आरक्षण-संस्थांवर विसंबून आहेत. त्या गिऱ्हाईक आणून देतात हे खरे, कमिशन घेतात हेही रास्त. परंतु गिऱ्हाइकाची ओळख त्यांच्या वहीत राहते, हॉटेलवाल्याच्या नाही. १९ ऑक्टोबर २०२२ रोजी स्पर्धा आयोगाने मेकमायट्रिप-गोआयबिबो यांना २२३.४८ कोटी व ओयोला १६८.८८ कोटी रुपये दंड सुनावला. हॉटेलांच्या संघटनेच्या तक्रारीवरून झालेल्या त्या प्रकरणात, अन्यत्र कमी दराने खोली देऊ नये अशा अटींचा प्रश्न मध्यवर्ती होता. आदेशाविरुद्ध दाद मागण्याचा हक्क त्या कंपन्यांस आहेच. आमचा मुद्दा त्या कंपन्यांपुरता नाही. पाहुणा एकदा आपल्या ओसरीवर आला की त्याच्या संमतीने त्याचे नाव आपल्या वहीत उतरवून घेणे, आणि पुढच्या वर्षी त्याने थेट आपल्याला कळवावे यासाठी एक साधे, स्वतःच्या मालकीचे संकेतस्थळ ठेवणे, एवढे तरी कळंगुटपासून पाळोळेपर्यंतच्या प्रत्येक निवासचालकास शक्य आहे. त्यास लाखांचा खर्च येत नाही.

गोवा चेंबर ऑफ कॉमर्स ही १९०८ पासूनची संस्था आहे. तिने आणि तालुक्या-तालुक्यांतील व्यापारी संघटनांनी प्रणालीकारांस बरोबर घेऊन दोन पानांचा एक नमुना करार मराठी, कोंकणी व इंग्रजीत छापावा, अशी आमची सूचना आहे. नाव कोणाच्या नावे, खाते कोणाचे, मजकुराची प्रत केव्हा, माहितीची प्रत किती दिवसांनी, डागडुजीचा दर काय, हप्ते कधी, आणि संबंध तुटल्यास किती दिवसांत सर्व किल्ल्या हवाली करावयाच्या, एवढ्या रकान्यांत ते काम भागेल. वकिलाची गरज मोठ्या कामाला. लहान कामाला हा कागद पुरे. येत्या दिवाळीपूर्वी तो पेढ्यापेढ्यांवर पोहोचावा.

फोंड्याच्या त्या गृहस्थांनी आता दुसरे नाव घेतले आहे. नोंदणीची पावती त्यांच्या स्वतःच्या नावे आहे, मुदतीची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लाल शाईने लिहिलेली आहे, आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेस गिऱ्हाइकांची यादी त्यांची मुलगी उतरवून घेते. जुने नाव परत मिळावे म्हणून त्यांनी नव्या धारकास लिहिले होते; त्या पत्राला अद्याप उत्तर आलेले नाही.